खाडीतली पंगत

१ जानेवारी २००४, गुरुवार

ही डायरी पंपाच्या कंपनीची हाय. पानाच्या कोपऱ्यात पंपाचं चित्र छापलंय. शाहूपुरीत ईरप्पाण्णांचं पंप-मोटारीचं दुकान हाय, त्यांनी आणून दिली. ह्या हिवाळ्यात त्यांनी सहलीचं नवीनच काढलंय. रविवारी पहाटे गाडी भरून माणसं घाटाखाली न्यायची, खाडीतले पक्षी दाखवायचे आणि त्याच दिवशी परत आणायची. जेवण माझ्या खानावळीचं. मी म्हटलं, डबे बांधून देतो. तर म्हणाले, "न्हाई न्हाई, चिमणाबाई, वाढायला माणूस पाहिजे. तुम्हीच चला. आणि काय बघितलं ते ह्यात लिहा."

मी म्हटलं, मला चिमणी-कावळा सोडून तिसरं पाखरू कळत न्हाई. तर म्हणाले, मग दुसरं काय असंल ते लिहा.

सगळी मंगळवार पेठ मला आक्का म्हणती. हा एकच माणूस चिमणाबाई म्हणतो. त्यात वाईट काय न्हाई, नावच हाय माझं. पण ऐकलं की हातातलं काम थांबतंय. सवय न्हाई म्हणून असंल.

दुसरं लिहायचं म्हणजे एवढंच हाय. माझ्या पोराचा, सम्राटचा, पुण्यास्नं फोन आलता. सुनेचे, संयोगिताचे, दिवस फेब्रुवारीच्या शेवटी भरतात. पोरीला आई न्हाई, बाळंतपण मीच करायचं. आणि नुसतं बाळंतपण न्हाई, खानावळ बंद करून कायमचंच ये म्हणतोय. तिथं फ्लॅटमध्ये माझी खोली तयार ठेवलीय. मी हो म्हटलं. मालक जाऊन चौदा वर्षं झाली, पोरगं हाताशी आलं, आता इथं काय राहिलंय? भाकरी थापणं. ठरलं.

सूनबाई फोनवर हसत होती. म्हणाली, "आई, तुम्ही अजून मी येतो, मी जातो म्हणता. बायका येते, जाते म्हणतात." मी म्हटलं, कोल्हापुरात बायका येतोच म्हणतात, आणि आल्या की राहतात बी.

४ जानेवारी, रविवार

खाडी बघून आलो. एकोणपन्नास वर्षांत मी गगनबावड्याच्या पुढं गेलो न्हवतो. घाट उतरताना कान दडले.

गाडीत सतरा-अठरा माणसं. सगळ्यांत मोठा आवाज हंबीररावांचा. ते शाळेत पी.टी.चे मास्तर होते, रिटायर झाले तरी शिट्टी गळ्यात असती. खाडीवर होडी ठरवलेली. पाण्याच्या मधोमध एक लांबडा वाळूचा पट्टा हाय, दुपारी तिथं उतरायचं. आपल्या पंचगंगेच्या काठासारखीच वाळू, फक्त खाली चिखल जास्त. बाजूला पाण्यात पाय रोवून झाडं उभी. वास लई घाण.

पक्षी बक्कळ होते. लांब पायाचे, लाल पायाचे, वाकड्या चोचीचे. ईरप्पाण्णा एकेकाचं नाव हळू आवाजात सांगत होते. तुतवार म्हणून एक बारका हाय, त्याचं बूड सारखं हलत असतंय. हे बारकं पाखरू बर्फाच्या देशातनं उडत इथवर येतंय म्हणाले. बाळासो ड्रायव्हर ओरडला, "ओ पावणं, हिकडं बगा की!" पावणं उडून गेलं. ईरप्पाण्णा रागावले न्हाईत. दुर्बीण खाली केली आणि पुन्हा येईल म्हणाले. मी असते तर बाळासोला पाण्यात ढकललं असतं. (हे असते सुनेच्या नादानं लिहिलं, राहू दे.)

दोनला पंगत बसली. वाळू कोरडी ठाक. मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. ईरप्पाण्णा लिंगायत, त्यांच्यासाठी वांगं आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी नेलती. जेवून म्हणाले, "मीठ बरोबर हाय." एवढंच. खानावळीतली माणसं बोटं चाटून ढेकर देतात, तरी मला काय वाटत न्हाई. हे मीठ बरोबर हाय म्हणाले ते घाट चढून येईपर्यंत डोक्यात होतं.

७ जानेवारी, बुधवार

बाजारातनं एक नवीन पातेलं आणि पळी आणली. ईरप्पाण्णांचं कालवण मटणाच्या पातेल्यात कितीबी घासलं तरी बरं न्हाई. त्यांचा धरम त्यांच्यापाशी.

झुंबरबाई माझ्याकडं भाकरीला असती, दहा वर्षं झाली. तिनं पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आक्का, महिन्यानं दुकान मिटवणार तू, आणि भांडी नवी आणतीस?"

मी म्हटलं, पुण्याला घेऊन जातो.

"पुण्यात वेगळं खाणारं कोण हाय?"

मी म्हटलं, तुझी भाकरी करपतीय तिकडं बघ. बाईला चेष्टा करायला वेळकाळ न्हाई.

१३ जानेवारी, मंगळवार

सम्राटचा फोन. संक्रांत झाली की ये म्हणतोय. मी म्हटलं, सांडगे-पापड करून ठेवायचेत, गिऱ्हाइकांचे महिने पुरे व्हायचेत, पंधरा फेब्रुवारीच्या आत जमत न्हाई. तो म्हणाला, आई, पापड पुण्यात मिळतात. मिळत असतील.

१८ जानेवारी, रविवार

दुसरी खेप. मागल्यासारखीच झाली. दुपारी वाळू उघडी, वर ऊन, पंगत निवांत. आज एकादशी, म्हणून निम्म्या लोकांना शाबूची खिचडी केलती. हंबीररावांनी खिचडी खाल्ली आणि वर, चव बघतो म्हणून, मटणबी हाणलं. एकादशी दुप्पट खाशी ते काय खोटं न्हाई.

गाडीत ईरप्पाण्णांनी मला पुढं बसवलं. मागं हादरे बसतात म्हणून. वाटेत त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांची मंडळी जाऊन सात वर्षं झाली, मुलगी पवित्रा बेळगावला दिलीय. घरी गेलं की घड्याळ ऐकू येतं म्हणाले. मी म्हटलं, घड्याळाचा सेल काढून ठेवा. ते पहिल्यांदाच हसले. मी काय चेष्टा केली न्हवती, खरंच सांगितलं होतं.

परत येताना ठरलं की पंधरा दिवस थांबायला नको, पुढच्या रविवारीच जायचं. सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी हाय. हे मीच सुचवलं. माझे रविवार तरी किती उरलेत? ईरप्पाण्णा लगेच हो म्हणाले.

२६ जानेवारी, सोमवार

काल लिहायला हात चालला न्हाई. आज लिहितो.

काल माघातली चौथ, म्हणून मटण न्हाई. सगळ्यांना अख्खा मसूर, भात, दही. पहिल्यांदाच ईरप्पाण्णांचं आणि बाकीच्यांचं एकाच पातेल्यातलं. नेहमीचा होडीवाला गणपतीच्या देवळात गेलता, त्याचा मेव्हणा आला. त्यानं आम्हाला वाळूवर सोडलं. "हाक मारा, येतंय," म्हणाला आणि वळणाच्या पलीकडं मासे धरायला गेला. त्याला वाटलं असंल, एवढी शहाणीसुरती माणसं आलीत, बघूनच आली असतील.

वाळू मागल्यापेक्षा जरा कमी वाटली. मी तसं म्हटलं, तर हंबीरराव म्हणाले, "आक्का, वाळू काय कोण उचलून नेतंय व्हय?" आमची नदी वर्षातनं एकदा वाढती. आधी आभाळ भरतं, पेपरात येतं, मग पाणी चढतं. वर कडक ऊन असताना पाणी चढतं हे आमच्यातल्या कुणाच्या सात पिढ्यांनी बघितलं न्हवतं. ईरप्पाण्णांनी पक्ष्यांची पुस्तकं वाचली, पाण्याचं कुणाला इचारलं न्हाई. दोन खेपा नीट झाल्या म्हणजे तिसरी होणारच, असं सगळ्यांनी धरलं.

बाराच्या सुमाराला भूक भूक करायला लागले. पंगत बसवली. तोवर पक्षी जवळ यायला लागले. आधी लांब होते, मग पन्नास हातावर, मग पंगतीच्या पार शेजारी. लाल पायाचे, तुतवार, सगळे. ईरप्पाण्णा कुजबुजले, "हलू नका कुणी. आज त्यांना आपली भीती वाटत न्हाई." त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं. लहान पोराला जत्रेत नेल्यावर होतं तसं झालं होतं. मी पक्षी सोडून तेच बघत बसलो, भात वाढायचा राहिला.

आता कळतंय, पक्षी आमच्याकडं येत न्हवते. मागनं पाणी त्यांना ढकलत होतं.

एकदम सगळे उठले आणि उडून गेले. मग बाळासो म्हणाला, "आयला, माझं बूड भिजलं." खाली बघतो तर पत्रावळीच्या कडंला पाणी. तो म्हणाला, "राधानगरी धरणाचं दार उघडलं काय?" सगळे हसले. कोण तरी म्हणालं, अरे येड्या, ते पाणी पंचगंगेत जातंय, हिकडं कुठलं? ह्याच्यावर दोघांचा वाद लागला. पाणी येतच होतं.

मला तेव्हा ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो न्हाई. जेवत्या माणसाला ताटावरनं उठवायचं न्हाई. खानावळ काढली त्या दिवसापासनं मी कुणाला उठवलेलं न्हाई. एकदा दारात मारामारी झाली, एका गिऱ्हाइकाला धरायला पोलीस आलते, तेबी त्याचा भात संपस्तोवर उंबऱ्यात उभे राहिले. हंबीरराव म्हणाले, "आक्का, दहीभात राहिलाय. वाढा. पाणी काय पळून चाललंय?" मी वाढला. एवढ्यात पट्ट्याचं दुसरं टोक दिसायचं बंद झालं. आम्ही बसलो होतो तेवढीच वाळू राहिली होती, आपल्या घरापुढच्या अंगणाएवढी.

मी म्हटलं, उठा. कुणी उठंना. एक बाई म्हणाली, एवढा घास खातो. मग मी भाताचं पातेलं उचललं आणि पाण्यात पालथं घातलं. वर मसूर ओतला. अन्न असं फेकलं म्हणून देव मला काय करायचं ते करू दे. "जेवण संपलं! उठा ताटावरनं!" असा आवाज काढला की माझाच घसा फाटला. तेव्हा उठले.

हंबीररावांनी शिट्टी मारली. छाती फुटेस्तोवर मारली. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. बायका देवाचं नाव घेत होत्या. ईरप्पाण्णा पांढरे फटक पडले होते. दुर्बीण डोक्यावर धरून उभे. मी म्हटलं, पवायला येतंय ना? त्यांनी मान हलवली. न्हाई. जतकडच्या दुष्काळी गावात जन्मले, सगळा जन्म लोकांना पाणी उपसायचे पंप विकले, आणि पवायला येत न्हाई. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मला येतंय, रंकाळ्यात शिकलोय, गप उभे राहा.

होडी आली. दोन खेपा झाल्या. आम्ही दोघं दुसऱ्या खेपेला, शेवटी. तोवर पाणी कमरेच्या वर होतं. कुणाला काय झालं न्हाई. पातेली, पळ्या, पत्रावळ्या वाहून गेल्या.

काठाला लागल्यावर बघितलं, ईरप्पांचा हात अजून माझ्याच हातात होता. सोडला. पाण्याला ओढ होती म्हणून धरला होता.

२९ जानेवारी, गुरुवार

ईरप्पा आलते. आत आले न्हाईत, दारातच उभे. म्हणाले, "चिमणाबाई, सहली बंद. माझ्या हौसेपायी अठरा माणसं बुडाली असती. मी आता दुकान भलं आणि मी भला." मी म्हटलं, बरं. ते गेले.

बरंच झालं. आता पुण्याला जायला मोकळी झालो. सम्राटला फोन करून सांगितलं की इथल्या घरमालकाला सांग, इथली खोली सोडतो.

आज आमटीत मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाइकं बोलली. झुंबरबाई बोलली न्हाई. ती बोलत न्हाई म्हणजे तिच्या डोक्यात काय तरी हाय.

१ फेब्रुवारी, रविवार

पहाटे उठून आंघोळ करून बसलो. कुठं जायचं न्हवतं. भाकरी थापायला घेतल्या, पीठ संपेस्तोवर थापल्या. एवढ्या कोण खाणार म्हणून झुंबरबाई ओरडली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मासळी बाजारात तानाबाई बसती. मूळची खालची, कोकणातली, लग्न होऊन इथं आली. खानावळीचं बांगडं मी तिच्याकडनंच घेतो. तिला झालेलं सगळं सांगितलं. ती हसून हसून आडवी झाली. म्हणाली, "आक्का, चौथीला दुपारी पंगत मांडलीत? अगो, चौथीला सुकती सकाळी. दुपारी भरतीच असणार."

सुकती म्हणजे ओहोटी. तिनं समजावलं ते असं: पाणी रोज दोनदा चढतंय, दोनदा उतरतंय आणि रोज जरा उशिरा. खालची माणसं तारीख बघत न्हाईत, तिथी बघतात. अष्टमीच्या पुढं दोन-तीन दिवस दुपारी वाळू उघडी पडती. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आठ दिवसांनी गेलं की बरोबर उलटं. म्हणून पहिल्या दोन खेपा नीट झाल्या आणि तिसरी बुडाली. पुढच्याच रविवारी जाऊ हे मी म्हटलं होतं.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. पंधरा फेब्रुवारी, रविवार, दशमी. दुपारी पाणी तळाला.

चप्पल घातली आणि शाहूपुरीला गेलो. ईरप्पा दुकानात मोटार खोलून बसलेले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुमची चूक एवढीच की तुम्ही इचारलं न्हाई. आता इचारून झालंय. पंधरा तारखेला काढा.

ते हात पुसत म्हणाले, "चिमणाबाई, तुम्ही तर पुण्याला निघालाय. मग ह्याची एवढी तळमळ कशाला?"

मी म्हटलं, कोकणातली माणसं कोल्हापूरकरांना हसायला नकोत म्हणून.

ते माझ्याकडं बघतच राहिले. काय लागलंय का तोंडाला म्हणून मी पदरानं पुसलं. मग म्हणाले, "बरं. काढतो."

१४ फेब्रुवारी, शनिवार

सम्राट आला. वाळलाय. म्हणाला, उद्या सकाळच्या गाडीनं निघू. मी म्हटलं, परवा. उद्या खाडीला जायचं हाय.

"आई, बायको नऊ महिन्यांची पोटुशी घरात हाय आणि तू पाखरं बघायला चाललीस?"

मी म्हटलं, एक दिवसानं बाळंत होत न्हाई ती, डॉक्टरनं शेवटचा आठवडा सांगितलाय. आणि अठरा माणसांचं जेवण सांगितलेलं मी मोडत न्हाई.

मग तो आवाज खाली करून म्हणाला, "हे ईरप्पा कोण? झुंबरमावशी काय काय बोलत होती."

"काय बोलत होती?"

तो बॅगेची चेन लावत-उघडत बसला. मग म्हणाला, मीबी येतो उद्या. मी म्हटलं, ये की. खिडकीजवळ बसू नकोस, घाटात उलटी होईल.

झोप लागंना. सम्राटच्या तोंडावर जे होतं ते मला कळलं न्हाई असं न्हाई. पण तसलं काय न्हाईच, तर लपवायचं काय? पन्नाशीला आलो. उगंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिथी खरी ठरली. दुपारी वाळू लांबच्या लांब उघडी. पंगत नीट झाली, हंबीररावांनी दहीभात दोनदा घेतला आणि पाण्याकडं बघत खाल्ला. पण पाणी लांब, म्हणून पक्षीबी लांब. नुसते ठिपके. ईरप्पांचं तोंड उतरलं. लोक म्हणायला लागले, एवढ्या लांबनं काय दिसतंय?

मी म्हटलं, जेवून होड्यांत बसा आणि थांबा. पाणी फिरलं की ते त्यांना आणून सोडतंय.

तसं झालं. ह्या खेपेला होड्या दोन ठरवल्या होत्या, दोन्हींत सगळे गप बसले, बाळासोसुद्धा. पाणी चढत गेलं आणि पक्षी पुढं पुढं सरकत होड्यांच्या पार जवळ आले. लाल पायाचे, वाकड्या चोचीचे, सगळे माना खाली घालून चिखलात खुपसत होते. ईरप्पांनी दुर्बीण सम्राटच्या हातात दिली. त्यानं ती धरली, पण पक्ष्यांकडं न्हाई, आमच्याकडंच बघत होता.

येताना गगनबावड्याला चहाला थांबलो. सम्राट मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, उद्या जाताना घरमालकाला चावी देऊ.

मी म्हटलं, चावी द्यायची न्हाई.

"म्हणजे?"

"बाळंतपण करतो. सव्वा महिना थांबतो. मग परत येतो."

"आई, कायमचं यायचं ठरलं होतं. तूच म्हणालीस, कोल्हापुरात आता काय राहिलंय. ती खानावळ, ते भाकरी थापणं, कुणासाठी परत यायचंय तुला?"

मी म्हटलं, "ईरप्पांसाठी."

तोंडातनं गेलं. चहाचा कप हातात तसाच. सम्राटनं त्याचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यांना माहीत हाय?"

"मलाच आत्ता कळलं," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. खानावळ काढली तेव्हाबी म्हणत होते. त्याच लोकांना मी चौदा वर्षं जेवायला घातलं."

घरी येईपर्यंत तो खिडकीजवळ जाऊन बसला. आता आत झोपलाय, का जागा हाय, माहीत न्हाई. त्याला वाईट वाटलंय आणि मला त्याचं वाईट वाटतंय. पण मला तो माणूस आवडतो. लिहून टाकलं. माझी नातवंडंसुद्धा एक दिवस हे वाचू देत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हे गाडीत लिहितोय, साताऱ्याच्या अलीकडं. सम्राट शेजारी झोपलाय.

सकाळी रिक्षा शाहूपुरीतनं घ्यायला लावली. सम्राट रिक्षातनं उतरला न्हाई. दुकानात दोन गिऱ्हाइकं मोटार जळली म्हणून भांडत होती. मी त्यांच्या मधनं पुढं गेलो आणि म्हटलं, "मी सव्वा महिन्यानं परत येतो."

ईरप्पा म्हणाले, "बरं." मग जरा वेळानं म्हणाले, "तोवर पक्षी गेलेले असतील. उन्हाळ्यात खाडीत काय नसतं."

"पक्ष्यांसाठी कोण येतंय? तुमच्यासाठी येतो."

गिऱ्हाइकं भांडायची थांबली. ईरप्पा उभे होते ते स्टुलावर बसले. हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला. कान लाल झाले होते. त्यांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं न्हाई, माझ्याकडंबी बघितलं न्हाई, पान्याकडं बघत म्हणाले, "सव्वा महिना लई झाला, चिमणाबाई."

मी म्हटलं, लई झाला तर पुण्याला या. आणि सम्राटचा पत्ता गिऱ्हाइकांसमोर दोनदा सांगितला, पिनकोडसकट.